साडेबारा हजार किलोमीटर, हजार दिवस

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं मोबाइलला विचारा. तो पापणी लवायच्या आत सांगतो : साडेबारा हजार किलोमीटर. वेळ? साधारण पंधरा तास. हे तो इतक्या ठामपणे सांगतो, की कोथरूडच्या आजोबांना वाटतं, सकाळचा चहा घेऊन निघालं तर रात्रीच्या वरणभाताला न्यू जर्सीत नातवाशेजारी पाट मांडता येईल.

आजोबांना कुणी सांगत नाही, की हा आकडा काढताना त्यांचा विचारच झालेला नाही. हिशेब अगदी सोपा असतो. दोन शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीगोलावर त्यांच्यामधली सर्वांत जवळची वाट काढायची, तिला ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास टाकायचा. झाला प्रवास! यात वारा नाही, देश नाहीत, बॅगा नाहीत, रांगा नाहीत. आणि आजोबा तर नाहीतच नाहीत.

आधी त्या जवळच्या वाटेचंच बघू. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्कवर पट्टी ठेवली, तर रस्ता अरबस्तान, उत्तर आफ्रिका, मग अटलांटिक असा सरळसोट दिसतो. तो नकाशा मर्केटर नावाच्या गृहस्थांनी १५६९ साली दर्यावर्दींच्या सोयीसाठी आखला. विमानं त्यांच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर दोरा ताणा. दोरा मुंबईहून निघतो तो गुजरात, सिंध ओलांडून बलुचिस्तानात. तिथून अफगाणिस्तानात हेरातच्या बाजूने, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या आसपास. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण किनारा, ग्रीनलंडचं खालचं टोक, लॅब्राडोर आणि मग कॅनडातून खाली उतरत न्यूयॉर्क. भूगोलाच्या दृष्टीने याहून जवळची वाट नाही.

राजकारणाच्या दृष्टीने याहून भलती वाट नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. जगात ज्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही, ते तिघेही या एका दोऱ्यात ओवलेले.

आकाश सगळ्यांचं असतं, असं कवी म्हणतात. विमान कंपन्या म्हणत नाहीत, कारण त्यांना बिलं येतात. ज्याची जमीन त्याचंच वरचं आकाश, हे १९४४ च्या शिकागो करारात पहिल्याच कलमात लिहून ठेवलंय. डोक्यावरून जायचं तर परवानगी काढा आणि पैसे मोजा. कवींनी हा करार वाचलेला नसतो.

बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने आकाश बंद केलं, ते १६ जुलैला उघडलं. त्या काळात भारतीय कंपन्यांना साडेपाचशे कोटींच्या आसपास फटका बसला आणि त्यातले ४९१ कोटी एकट्या एअर इंडियाचे होते, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ ला आकाश पुन्हा बंद झालं. आपणही ३० एप्रिलला आपलं बंद केलं. मग भाडेकरूच्या करारासारखी महिन्या-महिन्याची मुदतवाढ सुरू झाली. दर महिन्याला एक पत्रक इकडून, एक तिकडून. वर्षभर हे असंच चाललं तर सुमारे ६० कोटी डॉलरचा खड्डा पडेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवला. तिकडे पाकिस्तानच्या संसदेत सांगण्यात आलं, की जेमतेम दोन महिन्यांत त्यांच्या विमानतळ प्राधिकरणाचं ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांचं उत्पन्न बुडालं. शेजाऱ्याची वाट अडवायची तर निदान आपला खिसा शाबूत राहावा, एवढी तरी अपेक्षा असते. इथे दोघांचेही फाटले.

वाट वाकडी झाली की इंधन जास्त लागतं. अमेरिकेच्या काही फेऱ्यांना मध्येच व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी उतरून टाकी भरावी लागली. प्रवाशांनी थेट विमानाचं तिकीट काढलेलं. त्यांना व्हिएन्ना फुकटात बघायला मिळालं. खिडकीतून. तेही टँकरच्या पलीकडचं. त्याच वर्षी जूनमध्ये इराण आणि इस्रायल यांच्यात जुंपली. २३ जूनला कतारनेही काही तास आकाशाचं दार लावून घेतलं आणि दोह्याला निघालेली विमानं भलतीकडेच उतरली. उत्तरेची वाट पाकिस्तानने घेतलेली, पश्चिमेची युद्धाने. दिल्ली-वॉशिंग्टन फेरी १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने थांबवली आणि त्यामागच्या कारणांत पाकिस्तानच्या बंद आकाशाचाही उल्लेख केला. मोबाइल मात्र दिल्ली-वॉशिंग्टन अंतर तेव्हाही तेवढंच सांगत होता. त्याचं काय जातं?

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. युक्रेनवर हल्ला केल्यावर २०२२ मध्ये रशियाने पाश्चात्त्य कंपन्यांना आपल्या आकाशाची बंदी केली. फिनलंडच्या फिनएअरची सगळी दुकानदारी सायबेरियावरून आशियात झटपट पोहोचवण्यावर उभी होती. हेलसिंकी-टोकियो नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, कारण आता उत्तर ध्रुवावरून वळसा घालून जावं लागलं. कंपनीने काय करावं? प्रवाशांना 'आपण उत्तर ध्रुवावरून उड्डाण केले' अशी प्रमाणपत्रं वाटली. याला म्हणतात धंद्याचं डोकं. उद्या बोरघाटात चार तास अडकणाऱ्यांना 'आपण अमृतांजन पुलाची जागा सावकाश पाहिली' असं प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही. लोक फ्रेम करून लावतील.

देशांनंतर वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे लोट वाहत असतात. थंडीत त्यांना जोर चढतो. त्यांच्या पाठीवर बसलात तर राजे, समोरून आलात तर भिकारी. ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला साडेसहा तास लागतात. वैमानिकाने काही पराक्रम केला नव्हता, मागून वादळ ढकलत होतं. हे मुंबईकरांच्याही अनुभवाचं आहे. न्यूयॉर्कहून परत येताना जेवढा वेळ लागतो, त्याहून दीड-दोन तास जास्त जाताना लागतात. अंतर तेच, आकाश तेच, तिकिटाची किंमतही बहुधा तीच.

याहून मजा म्हणजे लांबचा रस्ता लवकर पोहोचवतो. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली, एकूण १५,३०० च्या घरात गेली, आणि विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचलं. कारण वारा पाठीशी होता. किलोमीटरला भुलणाऱ्यांच्या तोंडावर मारावं असं हे उदाहरण आहे. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना मात्र यात नवल वाटणार नाही. सरळ जाणारी फाइल कुठे अडते आणि वळसा घालून गेलेली किती लवकर सुटते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं असतं. पाठीशी वारा हवा, बस्स.

यावर प्रत्येक सोसायटीत एक तरी शंकेखोर काका असतात. "पृथ्वी फिरतेच आहे ना? मग विमान वर नेऊन नुसतं थांबवून ठेवा. अमेरिका आपोआप खाली येईल." काका, येणार नाही. हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. ती फिरत नसती, तर काकूंनी सकाळी नऊला दोरीवर टाकलेला टॉवेल वाऱ्याने उडाला की दुपारी बारापर्यंत सुदानात पोहोचला असता.

आता घड्याळाकडे या. भारताचं घड्याळ साडेपाच तासांवर बसवलेलं, त्यामुळे आपला जगाशी हिशेब नेहमी अर्ध्या तासाने तिरका. न्यूयॉर्क आपल्यामागे थंडीत साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर पुढे ढकलते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे ओढते. त्या आठवड्यात पुण्यात हमखास एक आजी मुलाला पहाटे उठवून विचारते, "काय रे, जेवलास का?" रात्री दोनला मुंबईहून निघालेला माणूस त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमारास न्यूयॉर्कात उतरतो. त्याला वाटतं, सहाच तासांत आलो. हा दिवस उधारीचा असतो. परतताना तो सव्याज वसूल होतो आणि वसुलीला आलेली झोप आठवडाभर दुपारी तीन वाजता दार ठोठावते. संकष्टीचा प्रश्न तर पंचांगकर्त्यांनाही चुकलेला नाही : उपास पुण्याच्या चंद्रोदयाला सोडायचा की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या? एडिसनच्या, असं शास्त्र सांगतं. पोट पुण्याच्या बाजूने असतं.

विमान कंपन्याही घड्याळाशी खेळतात. वेळापत्रकातला वेळ हा चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते उतरल्यावर पुन्हा लावेपर्यंतचा असतो. त्यात उडण्यासाठी रांगेत थांबणं, उतरण्याआधी घिरट्या घालणं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत ताटकळणं, सगळं धरलेलं. त्यावर आणखी थोडा मसाला. मग विमान वीस मिनिटं 'आधी' पोहोचतं आणि घोषणा होते, की आपण वेळेआधी आलो आहोत. लोक खूश. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि पहिला नंबर आला म्हणून पेढे वाटायचे, अशातला हा प्रकार.

वेगाची तर गोष्टच काढू नका. एअर इंडियाने १४ मे १९६० ला बोइंग ७०७ ने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, लंडनमार्गे. ते विमान ताशी नऊशेच्या आसपास उडायचं. आजचं बोइंग ७८७ किती वेगाने उडतं? ताशी नऊशेच्या आसपास. साठ-पासष्ट वर्षांत टेलिफोनचा मोबाइल झाला, दूध बाटलीतून पिशवीत आलं, पण विमान आहे तिथेच आहे. मध्ये १९७६ ते २००३ या काळात कॉन्कर्ड आवाजाच्या दुप्पट वेगाने उडत होतं. ते परवडेना म्हणून संग्रहालयात ठेवलं. वाढली ती टाकी. एका दमात सिंगापूरहून न्यूयॉर्क गाठणारी विमानं निघाली : सुमारे १५,३०० किलोमीटर, पावणेएकोणीस तास. म्हणजे प्रगती अशी झाली, की पूर्वी मध्ये उतरून पाय मोकळे करता यायचे, आता तेही नाही.

त्या पंधरा-सोळा तासांत प्रवासी काय करतो? समोरच्या पडद्यावर नकाशा बघतो. सिनेमे शंभर असतात, पण मराठी माणूस नकाशाच लावतो; पैसे दिलेत तर विमान नीट चाललंय ना, यावर लक्ष हवं. पडद्यावरचं विमान इतकं थोराड, की त्याच्या एका पंखाखाली बल्गेरिया झाकला जातो आणि दुसऱ्याखाली रुमानिया. खाली लिहिलेलं : उरलेला वेळ ९ तास १४ मिनिटं. शेजारचा माणूस खांद्यावर मान टाकून घोरतो. आजोबा डोळे मिटतात. पाय अवघडतो, जाग येते. खिडकीबाहेर अंधार, आत निळा उजेड, मागच्या रांगेत बाळाचं रडणं टिपेला. पुष्कळ वेळ गेला असणार, म्हणून ते मोठ्या आशेने पडद्याकडे बघतात. ९ तास ६ मिनिटं. बल्गेरिया अजून झाकलेलाच.

पण हा सगळा अस्मानीचा भाग झाला. सुलतानी जमिनीवरच आहे. पुणे ते न्यू जर्सी या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा टप्पा अटलांटिक नव्हे, बोरघाट. विमान रात्री दीडचं. विमानतळावर तीन तास आधी. घाटात ट्रक बंद पडला तर, म्हणून दोन तास आणखी. मुंबईत पाऊस, वरात किंवा मंत्री आडवा आला तर, म्हणून आणखी दोन. शेवटी लोक दुपारचं जेवण उरकून निघतात. अटलांटिक पार करायला लागतात त्याहून जास्त तास कोथरूडहून निघून विमानाच्या खुर्चीत टेकेपर्यंत जातात, आणि यातला एकही तास मोबाइलच्या पंधरा तासांत नाही.

पुण्याहून थेट का नाही? लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, आणि टाकी फुल्ल भरून अमेरिकेला निघालेल्या अजस्र विमानांना ती पुरत नाही. नवं विमानतळ आधी चाकणला निघालं, खेडला वळलं, तिथून पुरंदरला गेलं आणि भूसंपादनाच्या ढगांत घिरट्या घालत राहिलं. इतकी वर्षं इंधनाशिवाय हवेत राहिलेलं दुसरं काही जगात नसेल. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. दोन असून एकच. आघाडी सरकारं पाहिलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरअखेर तिथून विमानं उडू लागली. पुणेकरांचा पनवेलच्या पुढचा त्रास त्याने वाचू शकेल. घाट मात्र आहे तिथेच आहे.

आणि निघण्याआधी बॅगा. आजी-आजोबा बहुधा बाळंतपणाला चाललेले. दिवाणखान्यात दोन बॅगा आ वासून पडलेल्या, प्रत्येकी तेवीस किलोची मुभा. आत डिंकाचे लाडू, अळीव, भाजणी, मेतकूट, बाळगुटीचा डबा आणि जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी. आजोबा हूकचा काटा बॅगेच्या मुठीत अडकवतात, श्वास रोखून बॅग उचलतात, हात थरथरतो, आकडा नाचतो आणि २३.८ वर थांबतो.

"अहो, काट्यातच काहीतरी गडबड आहे."

"काटा नवा आहे. मेतकूट काढ."

"मेतकूट निघणार नाही. तुमची ज्ञानेश्वरी घरी ठेवा."

"ज्ञानेश्वरी?"

"तिकडे मोबाइलवर आहे म्हणे. मेतकूट नाही मोबाइलवर."

निकाल लागतो. ज्ञानेश्वरी खांद्यावरच्या पिशवीत जाते, आजोबांचा लोकरीचा कोट बॅगेतून निघून अंगावर चढतो, त्याच्या खिशांत सुपारीच्या पुड्या आणि चार्जर कोंबले जातात. महिना मे. एवढं करून विमानतळावर काउंटरवरची मुलगी बॅग उघडायला लावते ती लावतेच, आणि मागच्या रांगेतली चाळीस माणसं तुमचे डिंकाचे लाडू मोजतात.

आता खऱ्या अंतराकडे येऊ. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीने निघाल्या, डॉक्टर व्हायला. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने. पोटात अन्न ठरत नाही अशी बोट, सोबतीला मिशनरी बायका, आणि मागे परदेशगमन म्हणजे धर्म बुडाला म्हणणारा समाज. अठरा वर्षांच्या मुलीने हे सगळं निभावलं. पण एक गोष्ट तिला निभावावी लागली नाही : व्हिसा. तेव्हा ती भानगडच नव्हती. समाजाची परवानगी मिळत नव्हती, अमेरिकेची लागत नव्हती.

आज समाज परवानगी देतो. इतकंच काय, पेढे देतो, स्टेटस ठेवतो, विमानतळावर पंधरा माणसांनिशी सोडायला येतो. आणि अमेरिका? २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत पहिल्यांदा पर्यटक व्हिसा मागणाऱ्याला मुलाखतीच्या तारखेसाठी किती थांबावं लागत होतं? जवळपास हजार दिवस. मुलाखतीसाठी हजार दिवस. मुलाखत कितीची? दोन-चार मिनिटांची. पुढे हा आकडा बराच खाली आला, पण तो कधी किती असेल, हे वाऱ्याच्या लोटांपेक्षाही सांगायला कठीण.

हजार दिवस म्हणजे नेमके किती? ज्ञानोबांची पालखी आळंदीहून पंढरपूरला साधारण अडीचशे किलोमीटर जाते, अठरा-वीस दिवस घेते. म्हणजे मुक्काम, रिंगण, कीर्तन, धोतर वाळवणं सगळं धरून दिवसाला बारा ते चौदा किलोमीटर. आता साडेबारा हजारांना हजाराने भागा. साडेबारा. याचा अर्थ मुलाखतीची तारीख मिळाल्याच्या दिवशी आजोबांनी टाळ-मृदंग घेऊन वांद्र्याहून पायी प्रस्थान ठेवलं असतं आणि वाटेत समुद्र आडवा आला नसता, तर ज्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत त्यांच्या नावाचा पुकारा झाला असता, त्या दिवशी ते न्यूयॉर्कात नातवाला टिळा लावत असते.

शिवाय मूल व्हायला नऊ महिने लागतात. मुलीच्या बाळंतपणाला हजर राहायचं, तर व्हिसाचा अर्ज तिच्या साखरपुड्यालाच भरायला हवा होता. स्थळ बघायला आलेल्यांना कांदेपोहे आणि लगेच फॉर्म. व्हिसा मिळाला म्हणून आत घेतीलच असंही नाही. उतरल्यावर खिडकीमागचा अधिकारी ठरवणार, येऊ द्यायचं की नाही आणि किती दिवस. रांग लांबलचक, म्हणून आमचे आजोबा, जे पर्वतीच्या पायऱ्या रोज चढतात, ते न्यूयॉर्कात व्हीलचेअरवर बसून उतरतात. ढकलणारा गडी रांग चुकवून पुढे नेतो. लबाडी आहे, खरी. हजार दिवस रांगेत उभं राहिलेल्या माणसाने शेवटची तीस मिनिटं बसून काढली, तर त्याला कोणत्या तोंडाने बोलायचं?

आता उलट बाजूने बघा. अमेरिकी पासपोर्टवाल्या माणसाला मुंबईला यायचं असेल, तर तो घरी सोफ्यावर बसून ई-व्हिसाचा अर्ज भरतो, पैसे भरतो, आणि बहुतेक वेळा त्याच आठवड्यात परवानगी त्याच्या ईमेलमध्ये येऊन पडते. याच पासपोर्टावर आपला नातूही येतो. साडेबारा हजार किलोमीटर त्यालाही तेवढेच. पण तो आठवड्यात निघू शकतो आणि आजोबा हजार दिवसांत. वाराही त्याच्याच पाठीशी, कायदाही त्याच्याच पाठीशी. दोघांच्या आड समुद्र एकच आहे, पण अंतर एक नाही.

हे एवढं साधं आहे. विमानांनी समुद्र आटवला आणि सरकारांनी तो रांगेच्या रूपाने पुन्हा भरला. आनंदीबाईंच्या काळात अंतर बोटीत होतं, आता ते वकिलातीच्या दारात, बंद आकाशाच्या पत्रकात आणि पासपोर्टवरच्या राजमुद्रेत आहे. गेल्या साठ वर्षांत विमानाचा वेग वाढला नाही, याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका. तो उद्या दुप्पट झाला, तरी पंधराचे साडेसात तास होतील. हजार दिवसांतले साडेसात तास वाचले, तर आजोबांना ते कळणारसुद्धा नाहीत.

तेव्हा वाचकहो, मोबाइलला किलोमीटर विचारणं बंद करा. तिकीट सर्वांत शेवटी काढा, मुलाखतीची तारीख सर्वांत आधी घ्या, ती मिळेपर्यंत काटा, बॅगा आणि आजीचा उत्साह आवरून धरा. आणि घरात नातवंड येणार अशी नुसती कुणकुण जरी लागली, तरी पेढ्यांआधी फॉर्म भरा.